डाव्या हाताची मोटार

इंदोरा, नागपूर
११ डिसेंबर १९८१

प्रिय मित्र धोंडबा यास दादाजीचा सप्रेम जयभीम.

दिवाळी गेली, थंडी पडली, तरी तुझे पत्र नाही. रागावला असशील तर कारण कळव, म्हणजे मलाही रागावता येईल.

मी रेल्वेच्या बॅटरी विभागातून एकतीस वर्षांनी निवृत्त झालो हे तुला ठाऊक आहेच. तेव्हापासून मी घरातले सर्व खिळे ठोकले. काही उपटून पुन्हा ठोकले. शेवटी सिंधूने हातोडी लपवली. अशा परिस्थितीत आमची नीला व जावई अमेरिकेहून आले आणि त्यांनी मला एक भेट दिली. ती पाहिल्यापासून तुझीच आठवण येत आहे.

भेट म्हणजे एक रबरी होडी. घडी केली की वळकटीएवढी होते आणि पायाच्या पंपाने हवा भरली की दोन माणसे ऐसपैस बसतात. तिच्या मागे लावायला विजेची मोटार आहे. एक लांब दांडा, दांड्याच्या खालच्या टोकाला पाण्यात फिरणारा छोटा पंखा, वरच्या टोकाला होडी वळवण्याची मूठ. बारा व्होल्टच्या बॅटरीवर चालते. पेट्रोल नाही, धूर नाही, आवाज तर मुळीच नाही. तिकडचे लोक म्हणे अशी होडी तळ्यात अगदी हळूहळू फिरवतात आणि मागे गळाची दोरी सोडून ठेवतात. माशाला वर कोणी आले आहे याचा पत्ताही लागत नाही.

बॅटरी हा माझा विषय, मासे हा तुझा. लहानपणी कन्हानच्या डोहावर आपण गळ टाकून बसायचो, ते आता शास्त्रशुद्ध करू. तू नागपूरला ये, नाहीतर मी खाप्याला येतो.

तुझा,
दादाजी


खापा
१७ डिसेंबर १९८१

दादाजीले धोंडबाचा रामराम.

तुही चिठ्ठी भेटली. हे उत्तर माह्या सुनेच्या हातानं लिहून घेऊन राहिलो, काहून की माहा चष्मा कुठीतरी हरवला. प्रेमिला मॅट्रिक झाली आहे. मी बोलतो तसंच्या तसं लिहाचं, असं तिले बजावलं आहे.

तुह्या होडीचं वाचून हासू आलं गा. हवा सायकलीत भरते, फुटबॉलात भरते. माणसानं बसाची वस्तू लाकडाची पाह्यजे. माहा डोंगा माह्या बापानं सागाच्या एका खोडातून कोरला, तो आजपावतो ‘फुस्स’ म्हणून नाही राहिला. अन् मोटार कायले पाह्यजे? देवानं दोन हात देल्ले आहेत न.

तू येऊ नको. मले येथी अजिबात फुरसत नाही. रोज सकाळी डोंगा काढतो, दुपारपावतो नदीत राहतो. परवा सात किलोची मरळ काढली.

धोंडबा

(मामाजींनी सात सांगितले म्हणून सात लिहिले. – प्रेमिला)


इंदोरा, नागपूर
२७ डिसेंबर १९८१

प्रिय धोंडबा,

तू आता पत्र लिहायलाही माणूस ठेवलास, मोठा झालास. सात किलोच्या मरळीबद्दल अभिनंदन.

आज सकाळी फुटाळा तलावावर होडीची पहिली चाचणी घेतली. तिचा अहवाल तुझ्या माहितीसाठी देतो.

होडीत हवा भरण्यास चाळीस मिनिटे लागली. बॅटरीसाठी मी स्वतः लाकडी पेटी बनवली आहे, ती मध्यभागी ठेवली. काठावर बरीच मंडळी जमली होती. मी मोटार सुरू केली आणि होडी मागच्या दिशेने निघाली. ही गोष्ट काठावरच्या लोकांना नवी वाटली. परंतु मी त्यांना ओरडून सांगितले की प्रथम मागे जाण्याची चाचणी घेण्याचीच पद्धत आहे. अशा रीतीने तलावाचा बराच भाग पाठीकडून पाहून झाला. नंतर पंख्यात पाणवनस्पती अडकल्यामुळे काही काळ एका जागी थांबून निरीक्षण केले. परत येताना स्थानिक वाहतुकीची मदत झाली.

एकंदरीत चाचणी यशस्वी. मासा मिळाला नाही, कारण त्या दिशेने प्रयत्नच केला नव्हता.

आता कन्हानचा डोह. तारीख कळव.

तुझा,
दादाजी


इंदोरा, नागपूर
२८ डिसेंबर १९८१

चि. प्रेमिलाले सिंधूकाकूचे आशीर्वाद.

बाई, तुले कधी पाह्यलं नाही, पण मामाजीच्या चिठ्ठीखाली तू जी एक ओळ लिहितली ती वाचली अन् वाटलं, हिच्यासंग बोलता येईन. म्हणून लपून लिहून राहिली.

यायनं काल तुमच्याकडे काय लिहून पाठवलं ते मले ठाऊक आहे, लिहिल्यावर मोठ्यानं वाचून दाखवलं. खरं काय झालं ते ऐक वं. एकतीस वर्षं ज्या माणसानं आगगाडीच्या डब्याखालच्या बॅटऱ्या जोडल्या, त्यानं आपल्याच होडीच्या बॅटरीची तार उलटी जोडली. दोन्ही तारा काळ्याच होत्या, एकीवर पांढरी रेघ. हे म्हणे, रेघेची तार कोणती ते मले कोणी शिकवू नये. मंग होडी जे उलटी निघाली ते तलावात म्हशी धुवाले आणल्या होत्या त्यायच्यात घुसली. म्हशी पांगल्या. पंख्याले शेवाळ गुंडाळलं, मोटार बंद. वल्हं घेतलं नव्हतं, काहून की मोटार असल्यावर वल्हं कायले. दोन तास मधात बसून होते. शेवटी एक गवळी म्हशीची शेपटी धरून पोहत गेला अन् होडीचा दोर धरून यायले घेऊन आला. तीच ती स्थानिक वाहतूक.

हासू नको. मले भेव वाटून राहिलं, कारण यायले पोहता येत नाही. जन्म गेला पण शिकले नाही. तुह्या मामाजीले सांग, त्यायनं यायले खाप्याले येऊ नाही दिलं पाह्यजे. अन् त्यायचा चष्मा सापडला का?

सिंधूकाकू


खापा
४ जानेवारी १९८२

पूज्य सिंधूकाकूंना प्रेमिलाचा साष्टांग नमस्कार.

तुमचे पत्र आले आणि मी ते तांदळाच्या डब्यात ठेवले. म्हशींचे वाचून चुलीपाशी एकटीच हसत होते, तेव्हा मामाजींनी विचारले, काय झालं? मी म्हटले, ठसका लागला.

काकू, चष्मा हरवलेला नाही. तो मामाजींच्या नाकावरच असतो. श्रावणात एक दिवस नदीवरून घरी आले आणि उजव्या हातातले वल्हे खाली पडले. उचलायला गेले तर हात उचलेना. नागपूरच्या मोठ्या दवाखान्यात वीस दिवस होते. तुमच्या घरी कळवू नका अशी त्यांनी आम्हाला शपथ घातली. चालता येते, बोलता येते, पण उजवा हात खांद्यापासून तसाच लोंबतो. डॉक्टरांनी सांगितले की आता एवढेच.

तेव्हापासून ते नदीवर गेले नाहीत. डोंगा एका हाताने चालत नाही. आमचे हे सावनेरकडे कोळशाच्या खाणीत जातात, त्यांना डोंग्याची सवय नाही. मामाजी दिवसभर अंगणात नदीकडे पाठ करून बसतात. सासूबाई गेल्या तेव्हाही ते असे नव्हते. आधी माझ्या स्वयंपाकाला रोज नावे ठेवायचे, आता जे वाढेल ते अर्धे खाऊन उठतात. मला ती बोलणी खाणेच बरे होते.

सात किलोची मरळ, रोजचा डोंगा, सगळे खोटे आहे. मी लिहिते आणि ते दुसरीकडे पाहून सांगतात. काकाजींना यातले काही सांगू नका, नाहीतर मामाजी माझ्याशी बोलणार नाहीत.

तुमची,
प्रेमिला


इंदोरा, नागपूर
९ जानेवारी १९८२

प्रिय धोंडबा,

एक अडचण आली आहे आणि ती तुझ्याशिवाय सुटणार नाही.

मोटारीसोबत इंग्रजी पुस्तिका आली होती. ती मी आता नीट अभ्यासली. त्यात स्पष्ट दिले आहे की होडी वळवायची मूठ डाव्या हाताने चालवायची. तुला आश्चर्य वाटेल, परंतु अमेरिकेत सर्वच उलटे आहे. तिथे मोटारगाड्यासुद्धा रस्त्याच्या उजव्या बाजूने चालतात. त्यामुळे तिथली माणसे डावखुरी होतात आणि यंत्रेही तशीच बनतात. फुटाळ्याला जो थोडा गोंधळ झाला त्याचे मूळ यातच होते. माझा डावा हात सही करायच्या कामाचाही नाही.

तुला आठवते, तू लहानपणी गोफण डाव्या हाताने फिरवायचास आणि मास्तर तुला मारायचे. म्हणून म्हणतो, मूठ तू धर. मी पुढे बसून बॅटरी सांभाळीन.

दुसरी गोष्ट. आपण पाचवीत असताना नदीला पाणी होते आणि मला पलीकडे आजीकडे जायचे होते. घाटावर मला कोणी होडीत घेईना. तुझ्या बापाने डोंग्यात बसवले. त्यापायी गावाने आठ दिवस तुमच्या घरचे मासे घेतले नाहीत. त्यानंतर मी तुझ्याकडे काही मागितलेले नाही. आता मागतो आहे.

रविवारी, १७ तारखेला, पहिल्या बसने सामानासह येत आहे. नको म्हणून लिहिलेस तरी ते पत्र पोचेपर्यंत मी निघालेला असेन.

तुझा,
दादाजी


खापा
१३ जानेवारी १९८२

दादाजी,

मुद्दाम कारड टाकून राहिलो, लवकर पोचावं म्हणून. येतो म्हणतो तं ये. पण मी त्या फुग्यात बसणार नाही. काठावरून पाहीन. अन् वल्हं घेऊन येजो.

धोंडबा

(काल मामाजींनी मला विचारले, अमेरिकेत खरंच सगळे डावखुरे असतात का? मी म्हटले, आम्हाला भूगोलात होते. – प्रेमिला)


खापा
१८ जानेवारी १९८२

पूज्य सिंधूकाकू,

काकाजी सुखरूप आहेत. आधी हे लिहिते, मग बाकीचे.

सकाळी बसमधून उतरले तेव्हा टपावर वळकटी, काखेत मोटारीचा दांडा आणि दोन्ही हातांत ती लाकडी पेटी. पेटीत आम्ल आहे असे कळले तर कंडक्टर चढू देणार नाही, म्हणून काकाजींनी पेटी बाजाची आहे असे सांगितले होते. पाटणसावंगीच्या पुढे कंडक्टर म्हणाला, वाजवून दाखवा. काकाजी म्हणाले, मी रविवारी वाजवत नाही. हे त्यांनी मामाजींना सांगितले तेव्हा मामाजींच्या ओठांची एक बाजू हलली.

मामाजी उजव्या खांद्यावरून चादर घेऊन अंगणात उभे होते. काकाजींनी त्या हाताकडे पाहिलेसुद्धा नाही. नुसते म्हणाले, “जाड झाला गा तू.” तुम्ही त्यांना सांगितले आहे हे मला तिथेच कळले, काकू. पण मी रागावले नाही.

आम्ही डोहावर गेलो. मामाजी पाच महिन्यांनी घाट उतरले. होडी फुगवल्यावर त्यांनी तिला पायाने ढोसले आणि म्हणाले, “हे होडी नाही, गादी आहे.” काकाजी पेटीसह चढले आणि एकटेच निघाले. या वेळी होडी पुढे जात होती. पण ती एकाच जागी गोल गोल फिरत होती. हे काकाजी मुद्दाम करत होते की त्यांना तेवढेच येत होते, ते मला अजून समजलेले नाही.

मामाजी काठावरून सांगू लागले. “मूठ तुह्याकडे घे. तुह्याकडे म्हणजे आपल्याकडे.”

“डाव्या हातानं जमत नाही गा.”

“डोह नासवून राहिला तू. तेथी कपारीत मरळीचं घर आहे, आता आठ दिवस बाहेर नाही येणार ते.”

“मंग तू ये.”

“मी नाही येत.”

होडीने आणखी दोन फेऱ्या मारल्या. मग मामाजींनी चादर माझ्या हातात दिली, धोतर वर खोचले आणि सरळ पाण्यात शिरले. गुडघ्याएवढ्या पाण्यात होडी अडवून म्हणाले, “सरक.” काकाजी सरकले. मामाजी मागे बसले, डाव्या हाताने मूठ धरली. होडी सरळ डोहाच्या मधोमध निघाली, कोणी पाण्यावर रेघ ओढावी तशी.

काठावर धुणे धुणाऱ्या तुळसाबाई आणि मी, दोघीही उभ्या राहिलो. मामाजींनी तीनदा विचारले ते आम्हाला ऐकू आले, “चालू आहे न? आवाज कुठी आहे हिचा?” काकाजी म्हणाले, “मी तुले काय लिहून राहिलो होतो?”

त्यांनी डोहाला चार चकरा मारल्या. काकाजींनी मागे गळाची दोरी सोडली होती. मामाजी सांगत होते, इथे खडक आहे, इथे झाड बुडालेले आहे, इथे सावकाश. न पाहता सांगत होते. पाचव्या चकरेला दोरी ताणली गेली. काकाजी दोन्ही हातांनी ओढू लागले. वर आला तो शिंगटा, चांगला हाताएवढा. शिंगट्याच्या पंखात सुईसारखे काटे असतात. मामाजी ओरडले, “होडीत नको घेऊ.” काकाजींनी तोवर घेतला होता.

आम्हाला काठावर आवाज आला नाही, पण होडीची एक बाजू हळूहळू उतरू लागली. मामाजी म्हणाले, “भोकावर अंगठा दाब.” काकाजींनी दाबला. दुसऱ्या हाताने मासा धरून ठेवला होता.

“मासा सोड.”

“पहिला मासा आहे माहा.”

“बुडशीन.”

“तू हाक न मोटार.”

मामाजींनी मोटार पूर्ण वेगात सोडली आणि होडी वाळूच्या बेटाकडे वळवली. बेट निदान शंभर हात दूर होते. तेवढ्या वेळात ते दोघे भांडतच होते. शिंगट्याला आधी डोक्याकडून धरायचे की शेपटीकडून यावर भांडण होते. बेट जवळ आले आणि होडी मधोमध मोडून बसली. काकाजी पाण्यात पडले. त्यांनी डोळे मिटून घेतले होते आणि “सिंधूले सांगजो” एवढेच म्हणाले. पुढे काय सांगायचे ते म्हणाले नाहीत. मामाजी शेजारी उभे राहून त्यांना पाहत होते. मग म्हणाले, “दादाजी, उभा राहा.”

काकाजी उभे राहिले. पाणी गुडघ्याच्या खाली होते.

मामाजी हसायला लागले, काकू. एवढे हसले की वाळूत बसून घेतले. नंतर काकाजीही हसले. तुळसाबाई मला म्हणाल्या, म्हातारे पिऊन आले का वं?

बॅटरीची पेटी वाचली, कारण काकाजींनी ती दोरीने बांधून ठेवली होती. मासाही वाचला, म्हणजे आमच्या ताटात आला. सायकलवाल्याने होडीला ठिगळ लावले. जेवताना मामाजींनी तीन भाकरी खाल्ल्या आणि रश्श्यात मीठ कमी म्हणून मला चांगली पंधरा मिनिटे बोल लावले. तुझ्या माहेरी मीठ पिकत नाही का, इथपर्यंत गेले. मी स्वयंपाकघरात जाऊन पदर तोंडाला लावून रडले.

निघताना मात्र बिघडले. काकाजी म्हणाले, हे सगळे सामान इथेच ठेव. मामाजींचा चेहरा एकदम बदलला. म्हणाले, “मले कोणाची दया नाही पाह्यजे.” काकाजी पेटीची दोरी आवळत म्हणाले, “दया कायची? होडी अन् मोटार नागपुरात ठेवाले जागा नाही म्हणून येथी ठेवतो. बॅटरी मी कोणाच्या हाती देत नाही. खाप्याची वीज कच्ची आहे. ते मी नागपुरात चार्ज करीन अन् दर रविवारी आणीन. मी नसलो तं तुह्या मोटारीचा नुसता दांडा. तू नसला तं मी गोल फिरतो.”

मामाजींनी थोडा विचार केला आणि म्हणाले, “पहिल्या बसनं येत जाजो. ऊन झाल्यावर मासा खाली जाते.”

तुमची,
प्रेमिला


खापा
२५ जानेवारी १९८२

दादाजीले रामराम.

काल तू आला नाही. तुह्या अंगात कसकस होती असं सिंधूबाईनं कळवलं. पाण्यात पडल्यावर ओलं धोतर तसंच घालून बसमध्ये बसला, दुसरं काय होईन.

रिकामा होतो, तं तुही पुस्तिका पाहून राहिलो. तू पिशवीत विसरून गेला. प्रेमिलाले वाचाले लावली. डाव्या हाताचं त्यात कुठीच नाही निघालं. उलट एका पानावर चित्र आहे, त्यातला साहेब मूठ उजव्या हातानं धरून बसला आहे. चांगला जाडजूड साहेब आहे.

मले वाटते त्या साहेबाले मोटारीतलं काही समजत नसन.

येत्या रविवारी ये. मी आता हाताचं सांगतो तुले. श्रावणात गेला तो. आधी लिहाले लाज वाटली.

धोंडबा


इंदोरा, नागपूर
२८ जानेवारी १९८२

प्रिय धोंडबा,

ते चित्र उलटे छापले गेले आहे. छापखान्यात असे पुष्कळदा होते. पुस्तिका सांभाळून ठेव, त्या कंपनीला मी पत्र लिहिणार आहे.

हाताचे वाचले. तू लिहिलेस हे बरे केलेस. मीही एक लिहितो. फुटाळ्याला तार मीच उलटी जोडली होती. हे रेल्वेतल्या कोणाला कळू देऊ नकोस.

रविवारी पहिल्या बसने.

तुझा,
दादाजी


खापा
१० फेब्रुवारी १९८२

पूज्य सिंधूकाकू,

दोन रविवार छान गेले. गेल्या वेळी तीन मरळी मिळाल्या, त्यातली एक काकाजींनी तुमच्यासाठी आणली असेल. ती मामाजींनी स्वतः निवडली होती. मामाजी आता शनिवारीच होडी फुगवून ठेवतात, डाव्या पायाने पंप मारतात आणि काठावरच्या सर्वांना डोहातले खडक समजावून सांगतात. माझ्या स्वयंपाकात रोज काही ना काही कमी असते.

आता तुम्हाला एक गुपित सांगते, ते काकाजींपर्यंत जाऊ देऊ नका. आमच्या इथे बस स्टँडजवळ ट्रॅक्टरच्या बॅटऱ्या चार्ज करण्याचे दुकान आहे. दसऱ्यालाच उघडले. खाप्याची वीज त्याला चांगली पुरते. मामाजींना हे मी गेल्या आठवड्यात सांगितले. म्हटले, एवढी जड पेटी काकाजींनी दर रविवारी कशाला आणायची? मामाजी माझ्यावर डोळे वटारून म्हणाले, “तुले कोणी विचारलं?” आणि चपला घालून सरळ त्या दुकानात गेले. त्या दुकानदाराला म्हणाले, रविवारी सकाळी आमचा दोस्त बसमधून उतरते, तेवढा वेळ तुही पाटी भिंतीकडे फिरवून ठेवत जा. दुकानदार हसून म्हणाला, चालते.

तो एवढा का हसला ते मामाजींना समजले नाही.

तुमची,
प्रेमिला


इंदोरा, नागपूर
१५ फेब्रुवारी १९८२

चि. प्रेमिलाले आशीर्वाद.

मरळ भेटली. चांगली होती, पण यायनं ते पकडल्याचं एवढ्या खेपा सांगतलं की घास थंड झाला.

दुकानदार काहून हासला ते सांगतो वं. होडी घेऊन हे पहिल्याच रविवारी तुमच्या गावात उतरले, तवाच यायनं ते पाटी वाचली होती. आंधळे थोडीच आहेत? अन् बॅटरीचं दुकान दिसल्यावर आत न जाता राहणारा माणूस नाही हा. परत येताना बसले म्हणे तेथी. त्या माणसाच्या बॅटऱ्या तपासल्या, त्याले चार गोष्टी शिकवल्या, त्याच्या घरचा चहा पेला. मंग त्याले सांगून आले, धोंडबा नावाचा माणूस एखादे वेळी बॅटरी घेऊन आला तं म्हणजो, ही अमेरिकेची आहे, येथी चार्ज होत नाही.

मलेही बजावलं आहे, धोंडबाले समजू देऊ नको. म्हणून तूही मामाजीले सांगू नको, मी यायले सांगत नाही. पेटीनं कंबर दुखते, तं शनिवारी तेल चोळून देतो मी.

त्या दुकानदारानं दोघायलेही हो म्हटलं. भला माणूस दिसते.

सिंधूकाकू